गाईच्या पोटातले बिऱ्हाडकरू आणि अँटिबायोटिक

कुणी भांडी घासताना ऐकत असाल, कुणी कांद्याच्या वाफ्यात खुरपताना मोबाईल बांधावर ठेवून ऐकत असाल. हातातलं काम चालू द्या. फक्त आज विषय जरा खोलात जाणारा आहे, म्हणून आवाज थोडा मोठा करा.

आज मी बोलणार आहे अँटिबायोटिकवर. पुस्तकात त्याला प्रतिजैविक म्हणतात, दुकानात आपण "हाय पॉवरची गोळी द्या" म्हणतो, आणि गोठ्यात त्याला नुसतं "इंजेक्शन" म्हणतात. हे औषध रोगाचे जंतू मारतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या पोटात, गाईच्या पोटात, अगदी डबक्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाच्या पोटातसुद्धा काही जंतू बिऱ्हाड करून राहतात. ते कुणाचं वाईट करत नाहीत, उलट भाडं वेळेवर देतात. औषध पोटात गेल्यावर त्यांचं काय होतं? ते घरमालकाला आणि बिऱ्हाडकरूला वेगळं ओळखतं का?

हा प्रश्न माझा नाही. पारनेर तालुक्यातल्या एका गटाच्या मासिक बैठकीत तो निघाला. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, आणि चहा येईपर्यंत एका ताईंनी विषय काढला. गटाच्या कर्जातून घेतलेली त्यांची संकरित गाय, दोन वेळचं मिळून चौदा लिटर देणारी. तिला दगडी झाली, म्हणजे कासदाह. कास कडक, गरम, एका सडातून गाठी येत होत्या. रविवार होता, डॉक्टर लगेच मिळेनात. एका औषधाच्या दुकानातून मोठ्या गोळ्या आणल्या, भाकरीत घालून चारल्या, वर घरात उरलेल्या माणसांच्या कॅप्सूलही दिल्या. तिसऱ्या दिवशी कास नरम पडली, पण गाय वैरणीला तोंड लावीना. रवंथ बंद. शेण पातळ आणि आंबूस. दूध चार लिटरवर आलं. ताई म्हणाल्या, "कास बरी झाली आणि गाय बिघडली, हे कोणतं औषध?"

उत्तर देण्याआधी गाईच्या पोटात डोकावायला हवं.

गाईला एकाच पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या संकरित गाईचं कोटीपोट शंभर लिटरच्या पुढे जातं. आपल्या घरातली पाण्याची अर्धी टाकीच म्हणा. कडबा, घास, मुरघास, सगळं आधी तिथं जातं. आता लक्ष देऊन ऐका. कडबा पचवायची ताकद गाईत स्वतःत नाही. कडब्यातला जो तंतू असतो, तो तोडणारा रस तिचं शरीर तयारच करत नाही. ते काम कोटीपोटातले सूक्ष्म जीव करतात. ते कडबा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात, ती आम्लं गाय शोषून घेते आणि त्यावर जगते, दूध देते. नंतर हेच सूक्ष्म जीव पुढच्या कप्प्यात वाहत जातात आणि पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांच्या शरीरातून येतो. म्हणजे आपण गाईला चारतो असं म्हणतो खरं, पण आपण चारतो त्या जंतूंना, आणि जंतू गाईला चारतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते एका पशु आरोग्य शिबिरात. तिथल्या डॉक्टरांनी एका निरोगी गाईच्या कोटीपोटातलं थोडं पाणी नळीनं काढलं. हिरवट, घट्टसर, ताज्या मुरघासासारखा वास. त्याचा एक थेंब काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लावला आणि सगळ्या बायकांना रांगेनं दाखवला. एक आजी डोळा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर जत्रा भरलीय!" खरंच जत्रा होती. लांबट, गोल, केसाळ जीव भराभर पळत होते, एकमेकांना धडकत होते. यांना प्रोटोझोआ म्हणतात, मराठीत आदिजीव. अंग एकाच पेशीचं. हात नाही, पाय नाही, अंगावरचे बारीक केस हलवून पोहतात. एक चमचा पाण्यात असे पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत आदिजीव असू शकतात. जिवाणू तर त्याहून हजारो पटींनी जास्त, पण ते इतके बारीक की त्या काचेखाली नुसते ठिपके दिसतात. १८४३ साली फ्रान्समध्ये ग्रुबी आणि देलाफों या दोघांनी गुरांच्या पोटातले हे आदिजीव पहिल्यांदा पाहून लिहून ठेवले. जनावर आजारी आहे का हे पाहायला आजही डॉक्टर हीच युक्ती वापरतात. थेंबात जत्रा दिसली तर पोट चालू आहे. सगळे निपचित पडलेले दिसले तर पोट बंद.

आता खरी गंमत. या एकेका आदिजीवाच्या अंगातसुद्धा बिऱ्हाडकरू आहेत. आदिजीव चारा खातो तेव्हा त्याच्या अंगात हायड्रोजन नावाचा वायू तयार होतो. हा वायू साचला तर आंबण्याचं काम अडतं. चुलीतली राख काढली नाही की जाळ नीट धरत नाही, तसं. ही राख काढायचं काम त्याच्या अंगात आणि अंगाला चिकटून राहणारे आणखी बारीक जीव करतात. ते हायड्रोजन खातात आणि मिथेन वायू बाहेर टाकतात. तोच मिथेन गाय ढेकरेतून सोडते. दिसायला हे जीव जिवाणूंसारखे, पण शास्त्रज्ञ त्यांना जिवाणूंपासून वेगळं कूळ मानतात. दूरचे भाऊबंद म्हणा. तर गाईच्या पोटात आदिजीव, आदिजीवाच्या पोटात हे मिथेनवाले. वाड्यात वाडा. आणि हो, या मिथेनमध्ये चाऱ्यातल्या ताकदीचा शंभरातला पाच-सहा भाग तरी वाया जातो, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ या बिऱ्हाडकरूंना आवरायच्या मागे आहेत. तो विषय मोठा आहे, आज बाजूला ठेवू.

वासराला हे सूक्ष्म जीव जन्मतः नसतात. गाय त्याला चाटते, त्याच्या शेजारी खाते, एकाच गव्हाणीत तोंड घालते, त्या लाळेतून ते वासराकडे जातात. जन्मल्याबरोबर वेगळं बांधून, कुठल्याच मोठ्या जनावराजवळ न जाऊ देता वाढवलेल्या वासराच्या पोटात आदिजीव येतच नाहीत. आई लेकराला दूध देते, चाटते, आणि त्याबरोबर ही न दिसणारी शिदोरीही देते.

आता औषधाकडे येऊ. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले, त्यातून पेनिसिलिन आलं. आपल्याकडे ते बनवायला पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं त्याला मदत केली होती. आपल्या आज्ज्यांच्या पिढीनं बाळंतरोगानं, न्यूमोनियानं, साध्या जखमा चिघळून माणसं गेलेली पाहिली आहेत. त्या काळात या औषधानं किती घरं वाचवली त्याला तोड नाही. तेव्हा मी आज औषधाच्या विरोधात बोलतेय असं कुणी घेऊ नका.

पेनिसिलिन जंतूला कसं मारतं? जिवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. तो वाढताना भिंतीला नवीन विटा लावतो. पेनिसिलिन त्या विटा सांधू देत नाही, भिंत फुटते, जिवाणू मरतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून पेनिसिलिन आपल्याला काही करत नाही. आदिजीवालाही अशी भिंत नसते. मिथेनवाल्या बिऱ्हाडकरूंची भिंत वेगळ्या मालाची, म्हणून पेनिसिलिन त्यांनाही फारसं लागत नाही. काही औषधं भिंतीला हात लावत नाहीत, ती जिवाणूचा आतला कारखाना बंद पाडतात. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही त्या जातीची. म्हणून "अँटिबायोटिक म्हणजे अँटिबायोटिक, कुठलंही चालेल" असं म्हणणं म्हणजे कुठलीही किल्ली कुठल्याही कुलपाला लावण्यासारखं आहे.

मग अंगातला बिऱ्हाडकरू मेला तर घरमालकाचं काय होतं? शास्त्रज्ञांनी याचे सुंदर प्रयोग केले आहेत. तीन सांगते, कारण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिला पॅरामेशियमचा. दहावीच्या पुस्तकात चपलेच्या आकाराचा जीव पाहिला असेल, तोच. अमेरिकेत ट्रेसी सॉनबॉर्न यांना १९३८ च्या सुमारास असे पॅरामेशियम सापडले की ते ज्या पाण्यात असतील त्या पाण्यातले दुसरे पॅरामेशियम मरून जायचे. पुढे कळलं की मारेकऱ्यांच्या अंगात एक जिवाणू राहतो आणि विष त्याचं आहे. औषध देऊन तो जिवाणू काढला, तर पॅरामेशियम मस्त जगतो. पण आता त्याच्याकडे हत्यार राहत नाही, आणि त्याच विषापासून त्याला मिळणारं संरक्षणही जातं. कालपर्यंत जो मारत होता, तो आज मरणाऱ्यांत जमा.

दुसरा युप्लोटीस नावाच्या गोड्या पाण्यातल्या आदिजीवाचा. याच्या अंगात हजाराच्या आसपास जिवाणू राहतात. जर्मनीत क्लाऊस हेकमन यांनी १९७५ साली दाखवलं की पाण्यात पेनिसिलिन घातलं की आतले जिवाणू संपतात. युप्लोटीसला पेनिसिलिन थेट काहीच करत नाही. पण बिऱ्हाडकरू गेल्यावर त्याची वाढ थांबते, एकाचे दोन होणं थांबतं, आणि काही दिवसांत तो मरतो. वेळेत ते जिवाणू परत मिळाले तर पुन्हा उभा राहतो. म्हणजे औषधानं शेजाऱ्याला मारलं आणि त्या दुःखानं हा गेला.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. क्वांग जिऑन नावाच्या शास्त्रज्ञांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत अमिबा पाळलेले होते. १९६६ साली त्यांना एका जिवाणूची लागण झाली. साथच म्हणा. बहुतेक अमिबा मेले. थोडे तगले, पण आजारलेले. जिऑन यांनी ते फेकून न देता सांभाळले, पिढ्यानुपिढ्या वाढवले. काही वर्षांत अमिबा सुधारले. आणि मग जिवाणू मारणारं औषध दिलं, तर जिवाणूंबरोबर अमिबाही मेले! ज्यानं त्यांना मारायला घेतलं होतं, त्याच्याशिवाय आता त्यांचं चालेना. सासरी आलेल्या सुनेसारखं, पहिली दोन वर्षं खटके, आणि दहा वर्षांनी ती चार दिवस माहेरी गेली तर घरात चहाची पावडर कुठे ठेवली तेही कुणाला सापडत नाही. (रेकॉर्डिंग करणारी आमची ताई इथं हसतेय.)

आता आपल्या पारनेरच्या गाईकडे वळू. तोंडातून दिलेली औषधं थेट कोटीपोटात गेली. तिथं रोगाचे जंतू नव्हते, ते होते कासेत. पण औषधाला काय, ते समोर दिसेल त्या जिवाणूवर पडलं. कडबा आंबवणारे जिवाणू मेले. आदिजीव याच जिवाणूंना खाऊन जगतात, त्यांची उपासमार झाली. आदिजीव कमी झाले तसे त्यांच्या अंगातले बिऱ्हाडकरूही बेघर झाले. इथं एक खुलासा करते, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. नुसते आदिजीव काढून टाकले तर गाय मरत नाही, तसेही प्रयोग झालेले आहेत. पण इथं पायाच गेला, म्हणून माळाही आला खाली. आंबणं थांबलं, पोट हलेना, पोट हललं नाही की रवंथ नाही.

ताईंनी चौथ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तोंडातली औषधं बंद करायला लावली आणि शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी गाईच्या कोटीपोटातलं पाणी काढून, गाळून, कोमट असतानाच नळीनं या गाईला दिलं. दोन दिवस दिलं. बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. पण विरजण लावण्यासारखंच आहे ते. दूध आहे, भांडं आहे, पण विरजणच नाही तर दही कुठून लागणार? वरून चांगला वाळलेला कडबा थोडा थोडा दिला, पेंड बंद. पाचव्या दिवशी गाय रवंथ करायला लागली. दूध पूर्वीइतकं यायला मात्र जवळजवळ तीन आठवडे गेले. त्यांच्या वहीत मी हिशेब पाहिला, औषधाच्या खर्चापेक्षा दुधाचा तोटा कितीतरी मोठा होता. नळीचं काम घरी कुणी करू नका, नळी श्वासनलिकेत गेली तर गाय जागेवर जाते.

म्हणूनच मोठ्या गुरांना डॉक्टर शक्यतो अँटिबायोटिक इंजेक्शननं देतात, किंवा सडात ट्यूब सोडतात. लहान वासराची गोष्ट वेगळी, त्याचं कोटीपोट अजून तयार व्हायचं असतं. शेळीचं मात्र गाईसारखंच, कोटीपोट लहान एवढाच फरक. माणसांच्या उरलेल्या कॅप्सूल शेळीला चारणाऱ्या बायका मला दर गावात भेटतात. आणि दुसरी एक सवय, लग्नातला उरलेला भात, बुंदी, पोळ्या गाईपुढे ढीगभर टाकायची. पुण्य वाटतं. पण एकदम इतकं पिठूळ खाणं पडलं की कोटीपोटात आम्ल वाढतं आणि औषध न देताही ही सगळी जत्रा एका रात्रीत उठते. गाय दगावतेसुद्धा.

आता थोडं उलट्या बाजूनं. ही बिऱ्हाडकरूंची भानगड कधी आपल्या फायद्याचीही ठरते. मलेरियाचा जंतू हाही एकपेशीय आदिजीव. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या बायकांना विचारा, या तापानं काय हाल केले आहेत. या जंतूच्या अंगात एक छोटा अवयव असतो. फार फार वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजानं एक शेवाळ गिळलं, त्या शेवाळाच्या पूर्वजानं कधीकाळी एक जिवाणू गिळला होता, त्याचा हा उरलेला वारसा. तो आता स्वतंत्र जीव राहिलेला नाही, पण मूळ स्वभाव जिवाणूचाच. म्हणून जिवाणूंवरचं डॉक्सिसायक्लिन हे औषध मलेरियाच्या जंतूवरही चालतं. ते लगेच मारत नाही. औषध घेतलेला जंतू एक पिढी वाढतो, आणि त्याची पुढची पिढी त्या अवयवाशिवाय जगू शकत नाही. म्हणून ते एकटं न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देतात, आणि गरोदर बाईला व लहान मुलांना देत नाहीत. आपल्या संकरित गाईंना होणारा गोचीड ताप, थायलेरियाचा, त्याचा जंतूही याच कुळातला.

आणि आपण स्वतः? आपल्या पेशींमध्येही जुने बिऱ्हाडकरू आहेत. आपल्याला ताकद देणारे तंतुकणिका नावाचे जे भाग असतात, ते अब्जावधी वर्षांपूर्वी जिवाणूच होते असं विज्ञान सांगतं. ते आपल्याला फक्त आईकडून मिळतात, बापाकडून नाहीत. ते जिवाणूंचे वंशज, म्हणून काही अँटिबायोटिकची झळ त्यांनाही लागते. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनांनी काही जणांच्या कानावर परिणाम होतो हे डॉक्टरांना माहीत आहे. काही घराण्यांत आईकडून आलेल्या तंतुकणिकांत असा एक बदल असतो की थोड्या डोसनंही बहिरेपण येऊ शकतं. तुमच्या माहेरच्या बाजूला, आई, मावशी, मामा यांच्यात कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. या गोष्टी कागदावर कुठे लिहिलेल्या नसतात, बायकांच्याच लक्षात असतात.

आता दुधाचं बोलते, आणि इथं मला थोडं कडक बोलायचं आहे. गाईला अँटिबायोटिक दिलं की ते काही दिवस दुधातून येतं. किती दिवस ते औषधावर अवलंबून, कुठे तीन दिवस, कुठे त्याहून जास्त. ते लेबलवर लिहिलेलं असतं किंवा डॉक्टर सांगतात. तेवढे दिवस ते दूध डेअरीलाही घालायचं नाही आणि घरातही वापरायचं नाही. उकळल्यानं औषध पुरेसं जात नाही. तुमच्यापैकी अनेकींनी हे स्वतः पाहिलंय. इंजेक्शन दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण लावलं आणि सकाळी दूध तसंच पाणीदार. दही लावणारे जिवाणू पेनिसिलिनला फार हळवे असतात. थंडीनं किंवा जुन्या विरजणानंही दही बिघडतं, मान्य आहे. पण उन्हाळ्यात दही लागलं नाही तर आधी गोठ्यात विचारा. जे दूध विरजणातले जिवाणू मारतं, ते तुमच्या नातवाच्या पोटातल्या जिवाणूंचं काय करत असेल? शिवाय थोडं थोडं औषध सतत मिळत राहिलं की रोगाचे जंतू त्याला सरावतात, आणि खऱ्या दुखण्यात तेच औषध लागू पडत नाही.

मी हे सांगितलं की बायका म्हणतात, "मॅडम, पाच दिवसांचं दूध ओतून दिलं तर हप्ता कुठून भरायचा?" रास्त प्रश्न आहे. दूध ओतणं हे भाषणात सोपं असतं. माझं मत असं की हा प्रश्न एकट्या बाईवर टाकला की ते दूध केंद्रावर जाणारच. तो गटानं उचलला पाहिजे. माझ्याकडच्या दोन गटांनी ठराव केला आहे. पशुसखीनं गाय आजारी असल्याचं वहीत लिहिलं की त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलायचा, दंड नाही. अट एकच, त्या दिवसांतलं दूध केंद्रावर गेलेलं दिसता कामा नये. पहिल्या वर्षी थोडी कुरकुर झाली, आता चाललंय. ते ओतून द्यायचं दूध वासराला पाजू नका, त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. लांब खड्ड्यात ओता. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी त्या गाईचं शेण काही दिवस टाकीत घालू नये. टाकीत गॅस करणारे जीव कोटीपोटातल्या मिथेनवाल्यांचेच नातेवाईक, औषधाचं शेण पडलं की गॅस कमी पडू शकतो.

मुळात कासदाह झालाच नाही तर पुढचं काहीच नको. धार काढण्याआधी हात आणि सड धुऊन कोरडे करा. धार झाल्यावर गाय अर्धा तास बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका म्हणजे उभी राहते. सडांची तोंडं तोवर उघडी असतात. पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर काढून गाठी आहेत का बघा. सुरुवातीच्या सुजेसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक घरगुती लेप सुचवतं. कोरफड अडीचशे ग्रॅम, हळद पन्नास ग्रॅम, चुना पंधरा ग्रॅम वाटून, पाण्यात पातळ करून, कास धुऊन दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, पाच दिवस. पण गाईला ताप असेल, ती खात नसेल, दुधात रक्त असेल तर लेपावर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा आणि सांगतील तेवढं अँटिबायोटिक पूर्ण द्या. अर्ध्यावर सोडू नका.

आणि २०२२ साली लम्पी आला तेव्हा किती बायकांनी इंजेक्शनामागून इंजेक्शन दिलं ते आठवा. लम्पी विषाणूचा आजार. विषाणूला ना भिंत, ना आतला कारखाना. अँटिबायोटिक त्याला काही करत नाही, फक्त गाठी फुटून जखमेत जिवाणू शिरले तर उपयोग. आपल्या सर्दी-खोकल्याचंही तसंच. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढी खूण लहान मुलीलाही शिकवता येते. कोलिस्टिन नावाचं औषध तर २०१९ पासून आपल्या देशात दुधाच्या, मांसाच्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी आहे, कारण माणसासाठी ते शेवटच्या काही उपायांपैकी एक आहे. कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावर हे नाव दिसलं तर पोतं परत करा.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं एक पिशवी आणायची. घरातल्या डब्यात, देवळीत, गोठ्याच्या वळचणीला खोचलेली जी काही उरलीसुरली औषधं असतील, माणसांची आणि जनावरांची, ती सगळी त्यात घाला. आशाताई आणि पशुसखी दोघी येणार आहेत. मुदत संपलेली कोणती, लाल रेघेची कोणती, हे आपण सतरंजीवर मांडून वेगळं करू, आणि टाकायची कशी तेही त्या सांगतील. विहिरीत किंवा उकिरड्यावर तोवर काही टाकू नका. चष्मा आणायला विसरू नका, लेबलवरची अक्षरं फार बारीक असतात.